ड्रोन हाताबाहेर गेला, तेव्हा त्याची काय समजूत होती?

प्रश्न : माझ्याकडे कॅमेऱ्याचा छोटा ड्रोन आहे. परवा गच्चीवरून उडवताना ॲपने कंपास कॅलिब्रेट करायला सांगितला, तो मी तिथेच केला. ड्रोन वर गेला, आधी व्यवस्थित स्थिर होता. आणखी वर नेल्यावर मात्र स्वतःहून गोल गोल फिरायला लागला आणि प्रत्येक फेरी आधीपेक्षा मोठी. मी स्टिक सोडून दिल्या, तरी थांबेना. घाबरून परत येण्याचं बटण दाबलं, तर भलत्याच दिशेला सुसाट गेला आणि झाडावर आदळला. ड्रोनचा एक हात (मोटर धरणारी दांडी) तुटला होता, तो बदलून घेतला. दुरुस्ती करणारे म्हणतात, मेन बोर्ड गेलाय, बदलावा लागेल. बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. बोर्ड गेला असता तर ड्रोन बहुधा धपकन खाली आला असता, नाहीतर स्वतःभोवती भिरभिरला असता. तुमचा ड्रोन शिस्तीत, वाढत्या वर्तुळांत फिरला. त्याची मोटर, पंखे, गणित सगळं चालू होतं. चुकीची होती ती एकच गोष्ट : आपलं नाक कुठल्या दिशेला आहे याबद्दलची त्याची समजूत.

ड्रोन एका जागी तरंगत असतो तेव्हा जीपीएस त्याला तो कुठे आहे हे सांगतं. तोंड कुठे आहे हे सांगत नाही, ते काम कंपासचं. समजा, वाऱ्याने तो एक मीटर पूर्वेला ढकलला गेला. संगणक म्हणतो, एक मीटर पश्चिमेला चल. पण पश्चिम म्हणजे पुढे, मागे की डावीकडे, हे कंपासला विचारूनच ठरतं. नकाशा थोडा तिरका धरून रस्ता शोधणाऱ्या माणसासारखं त्याचं होतं. कंपास तीस अंशांनी चुकला, तर तो मूळ जागेकडे सरळ न जाता थोडा बाजूने जातो, पुन्हा दुरुस्ती करतो, पुन्हा बाजूने जातो. या दुरुस्त्यांचा मिळून गोल तयार होतो. चूक जितकी मोठी, तितका गोल पसरत जातो. आणि चूक नव्वद अंशांच्या पलीकडे गेली की प्रत्येक दुरुस्ती त्याला मूळ जागेपासून आणखी लांब नेते. लांब गेला म्हणून तो जास्त जोर लावतो आणि जोर लावला म्हणून आणखी लांब जातो. ‘पळून गेला’ असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा हेच घडलेलं असतं. तो तुमच्याकडेच यायचा प्रयत्न करत असतो.

मग सुरुवातीला स्थिर कसा होता? जमिनीजवळ बहुतेक ड्रोन खालच्या कॅमेऱ्याने पृष्ठभाग बघून जागा धरतात. काही मीटर वर गेल्यावर (किती, ते मॉडेलवर अवलंबून) ही नजर पुरत नाही आणि मग सगळा भार जीपीएस आणि कंपासवर येतो. तुमचा त्रास नेमका वर नेल्यावर सुरू झाला, हे याच्याशी जुळतं.

आता गच्ची. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अगदी दुबळं, जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला. सळयांच्या जाळीपासून फूटभर अंतरावर ते सहज वाकडं होतं. कॅलिब्रेशन करताना ड्रोन आजूबाजूचं क्षेत्र मोजतो आणि त्यातला वाकडेपणा आपल्याच अंगातल्या तारा-मोटरींचा आहे असं धरून तो वजा करायला शिकतो. तुम्ही त्याला सळयांचा वाकडेपणा शिकवलात. तो वर गेला, सळ्या खाली राहिल्या, पण वजाबाकी चालूच राहिली. म्हणून माझा आग्रह असतो की ॲपने कॅलिब्रेशन मागितलं तर आधी जागा बदलून बघा. अनेकदा तो इशारा ‘इथे लोखंड आहे’ एवढंच सांगत असतो आणि मोकळ्या मातीवर गेल्यावर आपोआप नाहीसा होतो. तरीही राहिला, तर तिथे कॅलिब्रेट करा. खिशातला मोबाईल, घड्याळ, चुंबकाच्या झाकणाची बॅग लांब ठेवा.

परतीचं बटण तुम्ही दाबलंत ते समजण्यासारखं आहे, सगळे तेच शिकवतात. पण परतीचा रस्तासुद्धा तोच कंपास दाखवतो. ड्रोन स्टिक सोडूनही वर्तुळं घेतोय असं दिसलं की ते बटण विसरा. उंची राखण्यासाठी कंपास लागत नाही, ती हवेच्या दाबावरून मोजली जाते. म्हणजे वर-खाली करणारी स्टिक (बहुतेकांची डावी) अजून तुमच्या शब्दात असते. खाली माणसं नसतील अशा जागी त्याला शांतपणे उतरवत आणा. जीपीएस बंद करून नुसता समतोल राखणारा ‘ॲटी’ मोड तुमच्या रिमोटवर असेल तर लगेच त्यात जा. मग तो गोल फिरणार नाही, वाऱ्याबरोबर वाहील आणि तुम्हाला हाताने आणावा लागेल. या मोडचा सराव प्रत्येकाने मोकळ्या मैदानात करायलाच हवा असं मला कळकळीने वाटतं. संकटात ड्रोन स्वतःहूनही याच अवस्थेत जातो, आणि ज्याने आयुष्यात कधी वाहणारा ड्रोन हाताळला नाही त्याचे हात तिथे गोठतात.

बोर्डाचा निर्णय लॉग वाचल्यावर घ्या. उड्डाणाची नोंद ॲपमध्ये आणि बऱ्याचदा ड्रोनच्या आतही असते. ती वाचल्याशिवाय पार्ट बदलायला सांगणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो, कारण उत्तर बहुधा त्या फाइलमध्ये पडलेलं असतं. चार गोष्टी शेजारी ठेवून बघा : मोड कधी बदलला, तुमच्या स्टिक कुठे होत्या, किती उपग्रह दिसत होते, आणि कंपास सांगत असलेली दिशा जायरोच्या (ड्रोन किती वळला हे मोजणाऱ्या सेन्सरच्या) दिशेपासून कुठे फारकत घेते. तुमच्या बाबतीत स्टिक मध्यावर, उपग्रह भरपूर आणि दिशांमध्ये वाढती फट, असं चित्र मला अपेक्षित आहे.

स्टिकची नोंद एवढ्यासाठी की तिथे कधी वेगळीच गोष्ट निघते. एका विद्यार्थ्याने ‘ऐकतच नव्हता’ म्हणून ड्रोन माझ्याकडे आणला होता. लॉगमध्ये ड्रोनने त्याची प्रत्येक आज्ञा पाळलेली होती. ड्रोनचं नाक त्याच्याकडे होतं. जवळ आणायला तो स्टिक मागे ओढत राहिला आणि ड्रोन आज्ञेप्रमाणे मागे, म्हणजे त्याच्यापासून लांब जात राहिला. आकाशात ठिपक्याएवढा दिसणारा ड्रोन कुठे तोंड करून आहे हे डोळ्यांना कळत नाही. अशा वेळी स्टिक सोडायची, स्क्रीनवरच्या नकाशातला बाण बघायचा आणि मगच हालवायचं.

तुमच्या ड्रोनची तपासणी अशी करा. पंखे काढा. मोकळ्या मातीवर ड्रोन चालू करून ठेवा आणि हाताने नव्वद अंश वळवा. नकाशावरचा बाण तितकाच वळला पाहिजे आणि तिथेच थांबला पाहिजे. वळल्यावर हळूहळू सरकत राहिला, किंवा दिशा खऱ्या दिशेशी जुळत नसेल, तर मोकळ्या जागी नव्याने कॅलिब्रेट करून पुन्हा बघा. तरीही जुळलं नाही तर कंपासवर संशय घ्या. तो बऱ्याच मॉडेलमध्ये जीपीएसबरोबर छोट्या वेगळ्या बोर्डावर असतो आणि वेगळा बदलता येतो. आणखी एक : हात बदलताना मूळ स्क्रूच परत लावलेत का, हे विचारा. कंपासजवळ चुंबकाला चिकटणारा लोखंडी स्क्रू बसला की ड्रोन दुरुस्तीनंतर जास्त बिघडतो.

सगळं जुळलं, तर पहिलं उड्डाण दोन-तीन मीटर उंचीवर करा. शेपूट तुमच्याकडे ठेवून स्थिर राहतो का बघा, मग जागच्या जागी सावकाश पूर्ण वळवा. वळताना एका बाजूला ओढला जाऊ लागला की लगेच उतरवा.

प्रश्न : लांब गेल्यावर चित्र थांबलं, ड्रोन रिमोटला दाद देईना. मी अँटेना नीट त्याच्याकडे रोखून धरली होती. बऱ्याच वेळाने तो स्वतःच निघाला, पण वाऱ्यापुढे इतका हळू येत होता की बॅटरी संपून वाटेतच उतरला. सिग्नल वाढवायचं काही साधन घ्यावं का?

उत्तर : साधन नको. अँटेना रोखली हीच अडचण. दांडीसारख्या अँटेनाची ताकद तिच्या कुशीतून बाहेर पडते, टोकातून जवळजवळ काहीच नाही. दांडीची बाजू ड्रोनकडे हवी, टोक नव्हे. शिवाय रिमोट आणि ड्रोन यांच्यामध्ये तुमचं स्वतःचं शरीर, ओली झाडी किंवा भिंत येऊ देऊ नका. २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींना पाणी आणि काँक्रीट फार अडवतं. ५.८ला जरा जास्तच.

परतीचा हिशेब मात्र मनावर घ्या. सिग्नल तुटल्यावर ड्रोनने काय करायचं (परत यायचं, तरंगत थांबायचं की तिथेच उतरायचं) हे सेटिंगमध्ये तुम्ही ठरवलेलं असतं, निदान ठरवायला हवं. परतीची उंची झाडं-इमारतींच्या वर हवी, पण जितकं वर जाल तितका वारा बहुधा जास्त. समजा, तुमचा ड्रोन परतताना सेकंदाला १२ मीटर जातो आणि समोरून १० मीटरचा वारा आहे. जमिनीच्या हिशेबाने तो सेकंदाला दोनच मीटर पुढे येतो. एक किलोमीटरला ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून जास्त. त्यात थंडी असेल तर बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, जोर लावला की व्होल्टेज खाली बसतं आणि टक्के दिसतात त्यापेक्षा लवकर संपतात. म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध जा, येताना वारा पाठीशी घ्या. आणि उपग्रह पुरेसे दिसून ‘होम पॉइंट (म्हणजे परत येण्याची जागा) नोंदला’ असा संदेश आल्याशिवाय जमीन सोडू नका. नाहीतर तो परत येईल, पण भलत्याच जागी.

प्रश्न : पंखे नवे घातल्यापासून उडवताक्षणी ड्रोन उलटा होतो. कॅलिब्रेशन केलं, फरक नाही.

उत्तर : कॅलिब्रेशनचा इथे संबंध नाही. चारपैकी दोन पंखे घड्याळाच्या दिशेने फिरायचे असतात, दोन उलट, आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतली जोडी एकसारखी असते. तुमच्या पंख्यांची अदलाबदल झाली आहे. पंख्यावरची आणि मोटरवरची खूण जुळवून लावा. लावताना प्रत्येक पातं उजेडात धरून बघा. बारीकशी चीर असली तरी तो पंखा टाकून द्या. असमान पातं ड्रोनला थरथरवतं, ती थरथर आतल्या सेन्सरना हालचाल वाटते, आणि मग जो ड्रोन जमिनीवर उलटत होता तो वर जाऊन वाहायला लागतो.