टाकी १५ वर्षं भरलीच नाही, मग उपसायची कशाला?

प्रश्न : आमचं गाव नदीकाठचं, छोटी नगरपरिषद आहे. भुयारी गटार नाही, घरोघरी सेप्टिक टँक. आता नगरपरिषद म्हणते सगळ्यांनी टाक्या उपसून घ्या. आमची टाकी १५ वर्षांत एकदाही भरली नाही की तुंबली नाही, मग हा खर्च कशाला? भुयारी गटार आणि सांडपाणी शुद्ध करायचा मोठा प्लांट आधी आणा ना!
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : दादा, टाकी भरली नाही असं तुम्हाला वाटतंय, पण टाकी तर वापरायला लागल्यापासून थोड्याच दिवसांत आउटलेटपर्यंत, म्हणजे पाणी बाहेर जायच्या पाइपपर्यंत, भरते आणि मग जेवढं आत येतं तेवढं बाहेर पडतं, तिचं कामच तसं आहे. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं त्यातल्या त्यात नितळ पाणी पुढे जातं. १५ वर्षांत तळाचा गाळ इतका वाढलेला असणार की पाण्याला आत थांबायला जागाच उरत नाही, मग मैला बसायच्या आतच पाण्याबरोबर बाहेर पडतो, आणि तुमच्याकडे आउटलेट शोषखड्ड्यात नसून गटारीत सोडलेला असेल (बऱ्याच जुन्या घरांत असंच असतं, एकदा बघाच) तर तो गटारीतून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जातो. तुंबली नाही म्हणजे टाकी चांगली चाललीय असं अजिबात नाही. म्हणून साधारण २ ते ३ वर्षांनी उपसा करायला सांगतात.

भुयारी गटाराचं म्हणाल तर हवंच, पण सगळे रस्ते खोदायचे, घरोघरी कनेक्शन द्यायची, पंपांचं लाइट बिल दर महिन्याला भरायचं, छोट्या नगरपरिषदेला हे जड जातं आणि तोवर नदीत घाण जायची काही थांबत नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या वाईने आणि नाशिककडच्या सिन्नरने २०१८ च्या सुमारास वेगळी वाट धरली, गावाचे भाग पाडले आणि कुणी फोन करायची वाट न बघता दर ३ वर्षांनी प्रत्येक घराची टाकी उपसायची असं ठरवलं. उपसलेला मैला दोन्हीकडे आपापल्या, दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेच्या प्लांटवर जातो, तिथे गाळ वेगळा करून वाळवतात आणि पाण्यावर वेगळी प्रक्रिया होते. मला हे फार पटतं कारण मोठ्या प्रोजेक्टची वाट बघत बसावं लागत नाही.

आता तुम्ही नगरपरिषदेला एकच विचारा, गाडी मैला नेऊन टाकते कुठे? कुणाच्या शेतात किंवा ओढ्यात ओतणार असतील तर उपसून काय उपयोग, घाण फक्त दारातून उचलून गावाबाहेर गेली. हे ठासून विचारा, चार शेजाऱ्यांना घेऊन जा.

आणि हात जोडून सांगते, टाकीत माणूस उतरवू नका. आतल्या गॅसने क्षणात माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेलाही जातो. माणसाकडून मैला साफ करून घ्यायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने तर सुरक्षेची साधनं न देता कुणाला आत उतरवणं गुन्हाच आहे. सक्शनची गाडीच बोलवा.

प्रश्न : बाजारात टाकीत टाकायची पावडर मिळते, ती टाकली तर उपसा टळेल का?

उत्तर : नाही टळत. मैला कुजवणारे जिवाणू टाकीत आपोआप येतात, पण न कुजणारा गाळ तळाशी राहतोच, तो गाडीनेच काढावा लागतो. त्यापेक्षा संडासात अॅसिड आणि फिनेल ओतणं कमी करा, त्याने असलेले जिवाणूही मरतात.