तेरा डोकी मोजली, नवरी राहिली रसवंतीवर

नवरीच्या आईस,

तुझं पत्र सात पानी. त्यातली साडेसहा पानं मी पोट धरून हसत वाचली, आमच्या ह्यांनी आतून दोनदा विचारलं काय झालं म्हणून, आणि शेवटच्या अर्ध्या पानावर आले आणि हसू जागच्या जागी थांबलं. तू मला मावशी म्हटलंयस म्हणून मी सरळ अगंतुगंवर येतेय, राग मानू नकोस.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ह्या बाई नाशिकच्या, एकुलती एक लेक, तुळशीची लग्नं आटोपली की डिसेंबरमधे तिचं लग्न. पैठणी घ्यायची म्हणून घरातले आठ जण सात सीटच्या गाडीत कोंबून येवल्याला गेले. सातला निघायचं ठरलेलं, निघाले सव्वादहाला, कारण सासूबाईंना चप्पल घालताना आठवलं की आज अमावस्या तर नाही ना ते बघायला हवं, आणि भिंतीवरचं कॅलेंडर निघालं गेल्या वर्षीचं. निफाडच्या अलीकडेच पहिला मिसळ-हॉल्ट. तिथे नणंदेच्या नवऱ्याने दोनदा एक्स्ट्रा तर्री मागवली आणि मग येवल्यापर्यंत एसी बंद आणि सगळ्या खिडक्या उघड्या! दुकानात पांढऱ्या गादीवर साडेतीन तास, चहाचे तीन राउंड, साठेक साड्या उलगडून झाल्या, नणंदबाईंनी त्यातल्या निम्म्या स्वतःच्याच खांद्यावर टाकून आरशात बघितल्या. शेवटी राणी कलरची मोठ्या मोरांच्या पदराची घेतली, कारण "फोटोत उठून दिसेल." नवरी काय म्हणाली? नवरी म्हणाली, "तुम्हाला आवडेल ती घ्या," आणि फोन बघत बसली.

प्रश्न असा की लग्नानंतर तिसऱ्या दिवशी दोन्हीकडची मिळून सत्तावीस माणसं मिनीबसने वणीच्या गडावर न्यायची सासूबाईंची इच्छा आहे, मुलगी म्हणते तुम्ही जा, आम्ही दोघं नंतर जाऊ, तर मुलीला कसं वळवू.

हा झाला प्रश्न. पण शेवटच्या अर्ध्या पानावर बाईंनी अजून एक लिहिलंय, जाता जाता, ताजा कलम टाकावा तसं. मुलाच्या आत्याकडे केळवण होतं, तिथे बाईंनी त्यांची हुकमी गोष्ट सांगितली. मुलगी तिसरीत असताना शिर्डी-शिंगणापूरची ट्रिप, दोन गाड्या, तेरा माणसं. शिंगणापूरच्या रस्त्याला त्या बैलाच्या रसवंत्या असतात ना, तिथे सगळे थांबले, रस पिऊन निघताना यजमानांनी डोकी मोजली, बरोबर तेरा भरली, कारण त्यांनी एका ड्रायव्हरलाही मोजलं होतं. पोरगी बैल बघत मागेच राहिली, ह्या गाडीला वाटलं त्या गाडीत, त्या गाडीला वाटलं ह्या गाडीत. सोनई ओलांडल्यावर एका ढाब्यावर गाड्या थांबवून चिक्की वाटायला घेतली तर एक चिक्की उरली, तेव्हा कळलं. धावत परत गेले तर "आमच्या जिवाचं पाणी आणि बाईसाहेब बाकड्यावर भरलेला रसाचा ग्लास घेऊन आरामात बसलेल्या!" पंगत हसली. मुलाचे काका म्हणाले, आता आमच्याकडे विसरलात तर परत न्यायला येऊ नका हं. अजून हसली. मुलगी पुरीने बासुंदी ढवळत राहिली, पुरी तोंडात गेली नाही. रात्री घरी आल्यावर म्हणाली, "आई, तुझ्या प्रत्येक गोष्टीत मी एकतर हरवते नाहीतर ओकते." आणि वर म्हणाली, "तो ग्लास मी आरामात घेऊन बसले नव्हते. त्या काकूंनी दिला होता पण माझ्याकडे पैसे नव्हते म्हणून मी तो पीत नव्हते."

ह्यावर तू लिहिलंयस, "हल्लीच्या मुली फार सेन्सिटिव्ह, लग्नाचं टेन्शन असेल, नाही का मावशी?"

नाही गं.

आता मी काय सांगते ते ऐक, आणि हे मी स्वतः खड्ड्यात पडून शिकलेय म्हणून सांगतेय, फार शहाणी आहे म्हणून नाही. माझ्या मुलाच्या लग्नात आम्ही मुलाकडचे. मंगळसूत्र चोरीला जाऊ नये म्हणून मी ते घरी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलं आणि कार्यालयात निघताना डब्यासकट विसरले. मुहूर्तावर अक्षता पडल्या, हार घालून झाले, पुढचे विधी सुरू झाले आणि मग मला घाम फुटला. भाचा स्कूटरवर पळाला, येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं सगळं अडलेलं. काय हसलो नंतर! मी ही गोष्ट भिशीत सांगितली, बारशाला सांगितली, डोहाळजेवणाला सांगितली, भाच्याची आणि गुरुजींची नक्कल करून. सून बाजूला उभी असायची, हसायची थोडीशी. लग्नाला चार वर्षं झाल्यावर एकदा भाजी निवडताना म्हणाली, आई, त्या पंचवीस मिनिटांत माझे बाबा खांबाला टेकून हात जोडून उभे होते. त्यांना वाटलं मुलाकडच्यांनी ऐनवेळी काहीतरी मागणी काढलीय आणि आतल्या खोलीत तीच चर्चा चाललीय. त्या वीस मिनिटांत त्यांनी मनात पीएफचा हिशोब करून टाकला होता.

मेथी हातातच राहिली माझ्या. चार वर्षं मी ज्याची नक्कल करत होते तो प्रसंग त्या माणसासाठी काय होता, हे मला विचारावंसंही वाटलं नव्हतं. तेव्हापासून ती गोष्ट मी सांगते ती फक्त माझ्या मूर्खपणाची म्हणून, आणि सुनेच्या माहेरचं कोणी असेल तर सांगतच नाही. आता इथे लिहितेय तेही तिला विचारून.

तुझी लेक ढगातून पडली नाहीये अचानक. तू सांगतेस ती गोष्ट विनोदी आहे, प्रश्नच नाही, उरलेली चिक्की तर कमाल आहे, पण त्यात चुकलं कोण? मोजणारे चुकले. हसं मात्र मोजायची राहिली तिचं होतंय, आणि तेही ज्या घरात ती आता नांदायला जाणार त्या घरच्या पंगतीत. आणि खरं सांगू, मी तुझं येवल्याचं वर्णन दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मला तीच ट्रिप दिसली. आठ माणसं, तर्री, अमावस्या, नणंदेचा आरसा, सगळ्याचं वर्णन आहे, आणि नवरीला दीड ओळ. त्या दीड ओळीच्या शेजारी तूच लिहिलंयस की तिने सुरवातीला एक अंजिरी रंगाची, मुनिया काठाची, हातमागाची बाजूला काढून ठेवली होती, "पण तिच्यावर नंतर कोणीतरी पर्स ठेवली आणि ती मागेच पडली." अगं, पैठणीच्या काठावरचे ते बारीक पोपट बघून मुलगी स्वतःहून साडी बाजूला काढते म्हणजे तिला साडीतलं कळतं! "तुम्हाला आवडेल ती घ्या" हे मुलगी कधी म्हणते, आवड नसते तेव्हा नाही म्हणत, मैदान सोडलेलं असतं तेव्हा म्हणते.

तर आधी साडीचं बघ. त्या राणी कलरला फॉल-बिडिंग केलंयस का? नसेल तर हात लावू नकोस, ब्लाउजपीसही कापू नकोस, बिल शोध आणि दुकानात फोन कर. पैसे परत बहुतेक देत नाहीत, पण घडी मोडली नसेल तर बदलून देणारे असतात, विचारायला काय जातं. अंजिरी अजून असेल तर बाजूला ठेवायला सांग. ती महाग पडेल, हातमागाची आहे, एकेका पदराला विणकराचे आठवडेच्या आठवडे जातात. घेताना उलटी करून बघ, हातमागाच्या पदराची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच साफ दिसते, मशीनच्या साडीला मागे धागे लोंबतात नाहीतर कापलेले दिसतात. वरचे पैसे कुठून आणायचे तर मिनीबस कॅन्सल करून. हो, करच कॅन्सल.

कारण वणीचं तू जे धरून बसलीयस ते मुळात उलटं आहे. सप्तशृंगी तुमचं कुलदैवत, जावयाचं नाही. लग्नानंतर जोडीने जायचं ते मुलाकडच्या कुलदैवताला, तो मान त्यांचा, ते कधी नेतील तेव्हा नेतील. तुमच्या देवीचा मान असतो तो लग्नाआधीचा, पहिली पत्रिका तिच्या पायाशी ठेवायची. तेव्हा जा ना! तू, यजमान, सासूबाई आणि लेक, चौघंच. पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, सासूबाईंच्या गुडघ्यांचं कारण पुढे येईल, तर ट्रॉली आहे वर जायला, त्यात बसवा. सासूबाईंना "सत्तावीस नको" असं सांगू नकोस, भांडण होईल, "पहिली पत्रिका तुमच्या हातून ठेवायचीय" असं सांग. बस आपोआप गळून पडते की नाही बघ. नंतर मुलीला नवऱ्याबरोबर यावंसं वाटलं तर येतील ती दोघं मोटरसायकलवर, देवी काय अटेंडन्स घेत नाही. तिला अठरा हात आहेत, ती सांभाळून घेईल. तुला दोनच आहेत, म्हणून तू जरा कमी ठिकाणी घाल.

सासूबाईंचं अजून एक. त्यांनी रुखवतासाठी कापसाच्या बाहुल्यांची सप्तपदी करायला घेतलीय आणि मुलीला रुखवत नकोय असं लिहिलंयस. हे मात्र होऊ दे बाई. मुलीला सांग की आजी ऐंशीव्या वर्षी डोळ्यात तेल घालून करतेय, टेबलाच्या एका कोपऱ्यात मांडू, तुझ्या आवडीनिवडीचा इथे संबंध नाही. प्रत्येक गोष्टीत मुलीचंच खरं असं मी म्हणत नाहीये. तिच्या अंगावर येणारं तिला विचारा, टेबलावर येणारं आजीचं. नणंदेला अहेराच्या साड्या घ्यायला पाठव, तिथे तिने हव्या तेवढ्या खांद्यावर टाकाव्यात, आणि तिच्या नवऱ्याला केटररकडे चव बघायला. त्या माणसाचा जन्मच त्यासाठी झालाय.

सात पानांत मंडप, बँड, मुंडावळ्या, पंगत की बुफे सगळं आलं, लग्नाच्या नोंदणीचं कुठेच नाही. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत अर्ज द्यायचा असतो, तीन साक्षीदार लागतात, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते, दोघांचे वयाचे-पत्त्याचे पुरावे लागतात. गुरुजी लग्नाच्या सीझनमधे नंतर सापडत नाहीत, त्यांच्याशी आधीच बोलून ठेव, आणि पत्रिकेच्या दोन-चार कॉपी बाजूला काढ. सगळ्या वाटून टाकतात आणि मग पासपोर्टच्या वेळी शेजाऱ्यांकडे पत्रिका शोधत फिरतात.

आता ती केळवणाची गोष्ट. माफी मागायला लांबलचक भाषण करू नकोस, तुझा स्वभाव बघता तू त्यातही कोणाची तरी नक्कल करशील. अजून किती केळवणं राहिलीत? पाच म्हणतेस. पाचही ठिकाणी लोक म्हणणार, अहो तो रसवंतीचा किस्सा सांगा ना, मुलाच्या आत्याने आत्तापर्यंत सगळीकडे पोचवला असेल. तेव्हा तुला जड जाईल, मला माहितीये, पंगत हातात आलेली असताना सोडणं म्हणजे काय ते मला विचार. तेव्हा अमावस्या आणि कॅलेंडरची गोष्ट सांग, त्यात हसं तुमच्या घराचं होतं, तिचं होत नाही. सासूबाईंना आधी विचारून घे मात्र.

आणि साडी बदलायला येवल्याला जाशील तेव्हा दोघीच जा. यजमान म्हणतील मी सोडतो, नणंद म्हणेल मी मोकळीच आहे, कोणालाही घेऊ नकोस, गाडीत मागे रुखवताचं सामान आहे, जागा नाही असं सांग, हवं तर खरंच दोन खोकी ठेव. ती चालवत असेल तर तिला चालवू दे, गाणी तिची लावू दे, आणि वाटेत जोक सुचला तर पाण्याची बाटली तोंडाला लाव. दुकानात ती साडी बघत असताना तू चहा पी आणि गप्प बस. येताना कुठे रसवंती दिसली तर थांब. ग्लासचे पैसे आधी दे, रस येण्याआधीच. आणि निघताना आधी ती गाडीत बसली का बघ, मग तू बस.

तुझी,
मावशी