चोवीस हजारांचा करार आणि सहाशेची धुलाई

प्रश्न सोलापुरातल्या अक्कलकोट रोडवरच्या एका ताईंचा आहे. खाली टेरी टॉवेलचे आठ लूम, म्हणजे माग, वर घर. घरात दोन एसी: बेडरूममधला दीड टनी पाच वर्षं जुना, सासूबाईंच्या खोलीतला एक टनी गेल्या दिवाळीत घेतलेला. कंपनीकडून फोन आला, 'दोन्ही एसींचा तीन वर्षांचा संपूर्ण देखभाल करार २४,००० रुपयांत, या आठवड्यात भरले तरच हा भाव.' मिस्टर म्हणतात भरून टाकू, डोक्याला ताप नको. ताई म्हणतात आपला मिस्त्री ६०० रुपयांत सर्व्हिसिंग करतो, मग एवढे कशाला? पण गेल्या मे महिन्यात त्याच मिस्त्रीने गॅस भरायचे ३,२०० रुपये घेतले, म्हणून मन डळमळलंय.

ताई, आधी तुम्ही मला पाठवलेला कंपनीचा मेसेज परत वाचा. २४,००० च्या पुढे 'प्लस जीएसटी' आहे. अशा सेवेवर १८ टक्के, म्हणजे खरा आकडा २८,३२०. शिवाय नव्या एसीचं वॉरंटी कार्ड काढून बघा. पहिलं वर्ष बहुतेक सगळंच कंपनीकडे असतं आणि तुमचं ते ऑक्टोबरपर्यंत चालेल. करार आजपासून सुरू झाला तर त्या आठ महिन्यांचे, हिशेबाने तीन हजारांहून जास्त रुपये, जे आधीच फुकट आहे त्यासाठी जातील. फोनवरचा मुलगा हे सांगणार नाही. त्याचं ते काम नाही.

आता माझं म्हणणं. देखभाल हवीच, सोलापुरात तर जास्तच. करार नको. या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि विकणारा त्या एका पुडीत बांधून देतो. धुलाई, साफसफाई हा ठरलेला खर्च आहे. संपूर्ण करार हा विमा आहे: पार्ट गेला, गॅस गेला तर कंपनी बघेल. मी विमा त्याच गोष्टीचा काढायला सांगते जी झाली तर घर हलेल. एसीचं पीसीबी, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड, जळलं तर मे महिन्यात चार शिव्या निघतील, पण घर हलणार नाही.

हिशेब मांडू, आणि भाव मी मुद्दाम जरा चढेच धरते. दोन एसी, वर्षाला दोनदा सर्व्हिसिंग, ६०० प्रमाणे २,४००. तीन वर्षांचे ७,२००. करारापेक्षा २१,१२० रुपये हातात उरले. आता तीन वर्षांत जुन्याचं पीसीबी गेलं, ७,०००. गळती काढून गॅस भरला, ३,५००. पंख्याची मोटर गेली, ३,५००. इतकं सगळं वाईट घडूनही सात हजार तुमच्याकडेच. कॉम्प्रेसरला बऱ्याच कंपन्या दहा वर्षं देतात, तेही कार्डावर बघा. मजुरी आणि गॅस मात्र तेव्हा वेगळे पडतात.

एका ठिकाणी करार जिंकू शकतो, ते लपवत नाही. जुन्या एसीची कूलिंग कॉइल सडली आणि बदलावी लागली, तर आणखी दहाएक हजार धरा. वरचं सगळं आणि हेही घडलं तर तुम्ही तीनेक हजारांनी तोट्यात. पण कॉइल करारात आहे का, हे लेखी विचारा. आणि जुना एसी करारात घेण्याआधी कंपनीचा माणूस सहसा तपासायला येतो. गळती दिसली तर 'आधी तुमच्या खर्चाने दुरुस्त करा, मग करार' असंच ऐकायला मिळतं.

माझ्या घरी एकदा असा करार होता. मे महिन्यात ड्रेन पाइप तुंबला, भिंतीवरून पाणी कपाटात उतरलं आणि क्लायंटच्या दोन फायली लगदा झाल्या. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, माणूस पाचव्या दिवशी आला. तोवर गल्लीतल्या प्लंबरने शंभर रुपयांत पाइप फुंकून मोकळा केला होता. करारात 'किती तासांत' हे कुठेच नव्हतं. सोलापुरात सगळ्यांचे एसी एकाच पंधरवड्यात बिघडतात, आणि तेव्हा करारवाल्यांचीही रांगच असते.

आता गॅसकडे येऊ, कारण तुमचं मन तिथेच डळमळलं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीत तोच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. मिस्त्रीने साबणाचं पाणी लावून जोड तपासले का? नटापाशी तेलकट डाग दाखवला का? आउटडोअरवरच्या, म्हणजे एसीच्या बाहेरच्या खोक्यावरच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. त्याने वजनकाटा आणला होता का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर ३,२०० चं काय झालं याची मला शंकाच आहे.

कदाचित गॅस कमी नव्हताच. एसीची टनांची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ४२-४३ असतात, आणि गच्चीवर पश्चिमेच्या भिंतीला टांगलेल्या आउटडोअरपाशी त्याहून जास्त. तेव्हा दीड टनी एसी दीड टनाचं काम करत नाही. दुपारी तीनला खोली गार होत नाही आणि रात्री अकराला पांघरूण लागतं, असं असेल तर गॅस ठीक आहे. रात्रीही थंडावा नाही किंवा कॉइलवर बर्फ धरतो, तर आधी फिल्टर धुऊन बघा, मग माणूस बोलवा.

आणि फिल्टर! तुमच्या घराचा खरा खर्च तिथे आहे. टेरीच्या लूमवरून उडणारी लव वर चढतेच. लूमवाल्या एका घरी महिन्याभराचा फिल्टर मी स्वतः काढून पाहिलाय. जाळी दिसतच नव्हती, वर पांढरी मऊ चादर विणलेली. नखाने उचलली तर एका तुकड्यात निघाली. सोलापूरची चादर जगभर गेली, पण एसीच्या आत जायला नको होती. त्यातून हवा जाणार कशी?

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं म्हणणं, तुंबलेल्या फिल्टरच्या जागी स्वच्छ फिल्टर आला की एसीची वीज ५ ते १५ टक्क्यांनी वाचते. आपण १० धरू. मधल्या मार्चपासून नव्वद रात्री, आठ तास, तासाला साधारण ०.९ युनिट: साडेसहाशे युनिटच्या आसपास. दहा टक्के म्हणजे ६५ युनिट. एसीचे युनिट महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये पडतात, म्हणून सगळे आकार धरून १५ रुपये दर धरते. तुमच्या मेच्या बिलावर नेमका बघा. एका एसीमागे ९७५ रुपये. आणि ही बचत करारातही नाही, मिस्त्रीच्या हातातही नाही. ती दर आठ-दहा दिवसांनी तुमच्या नाहीतर मुलांच्या हातात आहे. जाळी काढायची, उलट्या बाजूने पाणी मारायचं, सावलीत वाळवायची. उन्हात नको, प्लॅस्टिक वाकतं. अर्धी बादली पाणी लागतं, नळ चार-पाच दिवसांआड येत असला तरी परवडेल.

कॉइल आणि ब्लोअर मात्र मिस्त्रीचं काम. जेट पंपाने धुताना शेवटचा हात बोअरच्या पाण्याचा नको, क्षार बसतात. एक बादली नळाचं काढून ठेवा. जानेवारीतली आपली गड्डा यात्रा उरकली की फेब्रुवारीत बोलवा, तेव्हा त्याला वेळ असतो आणि तो आउटडोअरही नीट धुतो. मे महिन्यात तोच माणूस समोरच्या जाळीवर फडका मारून पळतो. दुसरी खेप पावसाळ्यानंतर. नव्या एसीच्या वॉरंटीत मोफत सर्व्हिसिंग असेल तर ती मागून घ्या. न मागता कोणी येत नाही.

मिस्टरांचा 'डोक्याला ताप नको' हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. घरात फक्त म्हातारी माणसं असती, किंवा दवाखान्यात पाच-सहा एसी असते, तर मी करार घ्यायला सांगितलं असतं, पण एकेका वर्षाचा. तुमच्या घरी माणसं आहेत आणि मिस्त्री गल्लीतला आहे. शिवाय सुताचं देणं डोक्यावर असताना २८ हजार एकदम काढणं मला पटत नाही. त्याऐवजी बँकेत महिन्याला ६०० रुपयांचं आरडी लावा, नाव द्या 'एसी'. भिशीत टाकू नका, बिघाड होईल त्याच महिन्यात तुमचा नंबर लागेल असं थोडंच आहे.

जाता जाता तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पाच जणांना मिळून आरोग्य विमा ३ लाखांचा, तोही सासूबाईंना धरून. एसीच्या कॉइलचा विमा काढायला निघालेल्या घरात हा आकडा मला टोचला. पॉलिसीचा पूर्ण कागद पाठवा, दवाखान्यातल्या खोलीभाड्याची मर्यादा आणि सासूबाईंच्या जुन्या आजारांचं कलम बघून टॉपअपचं, म्हणजे आहे त्या विम्यावर जोडायच्या जादा विम्याचं, लिहिते.