शित्झूची पावसाळी खाज: चिकनला दोष देण्याआधी

ताई, तुमचं सगळं वाचलं. कोको साडेतीन वर्षांचा शित्झू, वजन सहा किलो, गेली दोन वर्षं जून लागला की पंजे चाटणं, कान झटकणं, तोंड सोफ्याला घासणं सुरू, डॉक्टर इंजेक्शन देतात की तीन आठवडे आराम आणि मग ये रे माझ्या मागल्या. शॅम्पू बदलून झाले, चिकन बंद केलंत, आता कुणीतरी रक्ताची अ‍ॅलर्जी टेस्ट करा म्हणतंय आणि केस पूर्ण भादरू का हा एक प्रश्न. आमच्याकडे ल्हासा आहे, ठमी, तिचं हेच दुखणं वर्षानुवर्षं चाललंय म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, डोस सांगणार नाही, तो तुमच्या व्हेटकडूनच घ्या.

आधी चिकनचं बघू. आपल्याकडे कुत्रं खाजवायला लागलं की पहिलं बिल चिकनच्या नावावर फाटतं. पण कोको चिकन बारा महिने खात होता आणि खाज मात्र पावसाळ्यातच, असं तुम्हीच लिहिलंय ना? मग चिकन बाधत असतं तर तो जानेवारीतही खाजवत बसला असता. खाण्याची अ‍ॅलर्जी ऋतू बघून येत नाही. ती नसेलच असं नाही म्हणत मी, खाण्याची आणि हवेतली अशा दोन्ही अ‍ॅलर्जी एकाच कुत्र्यात असू शकतात, पण तुमच्या वर्णनावरून तिचा नंबर बराच मागे लागतो. पावसाळ्यात वाढतं काय? हवेतला ओलावा. ओलाव्याबरोबर गाद्या-सोफ्यातले धुळीतले सूक्ष्म किडे, भिंतीची बुरशी आणि पिसवा. संशय आधी यांच्यावर घ्या.

पिसवा म्हटलं की लोक दुखावतात, "आमच्याकडे नाहीत हो, फ्लॅटमध्ये राहतो आम्ही". अहो पण लिफ्ट तीच, जिना तोच, खाली सोसायटीची मांजरं तीच. आणि पिसवांची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याच्या अंगावर पिसू बऱ्याचदा दिसतच नाही, कारण अ‍ॅलर्जी तिच्या लाळेची असते, चार-दोन चावे पुरतात, आणि तो इतका चाटतो-चावतो की पुरावाच खाऊन टाकतो. बारीक दातांची फणी घ्या, शेपटीच्या बुडाशी आणि मांड्यांच्या मागे उलट्या दिशेने फिरवा, जे काळे कण येतील ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका आणि मिनिटभर थांबा. माती असेल तर काळीच राहते, पिसवांची विष्ठा असेल तर प्रत्येक कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरतो, कारण ते पचलेलं रक्त असतं. खाज मुख्यतः कमरेच्या मागच्या भागात असेल तर पिसवा, आणि पंजे, तोंड, काखा, जांघा, कान असतील तर हवेतली अ‍ॅलर्जी, असा ढोबळ अंदाज. कोकोचं दुसऱ्यात बसतंय, आणि सुरुवातही दीड वर्षाच्या आसपास झाली, हवेतली अ‍ॅलर्जी साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयातच डोकं वर काढते, त्यात शित्झू, ल्हासा, पग या जातींना ती जास्त.

तरीही पिसवांचा बंदोबस्त करायचाच आणि अर्धवट नाही करायचा. अंगावर दिसतात त्या सगळ्या पिसवांच्या फार तर पाच टक्के, बाकीच्या अंडी, अळ्या, कोष या रूपात गादीत, सोफ्याच्या फटीत, दाराच्या पायपुसण्यात. कोषावर फवाऱ्यांचा फारसा परिणाम होत नाही आणि तो कित्येक महिने गप्प पडून राहू शकतो, म्हणून "एकदा पावडर मारली, गेल्या" असं नसतं. निदान तीन महिने सलग, घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला. नेक्सगार्ड आणि सिम्पारिका महिन्याला एक, ब्रेव्हेक्टो बारा आठवड्यांना, या गोळ्या लूत आणि गोचिडांवरही काम करतात म्हणून मला त्याच बऱ्या वाटतात, पण कोकोला कधी फिट आली असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा, या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात. मानेवर टाकायचं ड्रॉपचं औषध वापरत असाल तर त्याच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. मोठ्या कुत्र्याची ट्यूब आणून "अर्धी टाकू" हा उद्योग सहा किलोच्या जिवावर करायचा नाही. आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं काहीही नको, मांजरीच्या जिवावर बेततं.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. इंजेक्शननंतर तीन आठवडे बरं आणि परत खाज, यातली अर्धी खाज आता मूळ अ‍ॅलर्जीची राहिलेलीच नसेल. सतत चाटून त्वचा ओली राहते, मग तिथे यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आणि बॅक्टेरिया माजतात, आणि त्यांची स्वतःची खाज वेगळी. कोकोच्या पंज्याची बोटं फाकवून बेचकीत बघा, नाक जवळ नेऊन वाससुद्धा घ्या. पांढरे केस विटकरी झालेले असतील तर ते लाळेने, पण त्याखालची कातडी लाल, ओशट आणि खमंग-आंबूस कुबट वासाची असेल तर यीस्ट. पोटावर बारीक पुळ्या किंवा गोल चट्टा ज्याच्या कडेने कोंड्याची चकती सुटते, ते बॅक्टेरिया. डॉक्टरांना सांगा की त्वचेवर सेलोटेप लावून स्लाइड बघा, पाच-दहा मिनिटांचं काम असतं आणि उगाच अँटिबायोटिक घ्यायचं की नाही ते लगेच कळतं. नुसतं बघून "फंगल आहे" म्हणून महिनाभर गोळ्या लिहून देणारे पण असतात. आमच्या इथल्या एका क्लिनिकमध्ये ठमीला स्लाइडशिवायच एकामागून एक अँटिबायोटिक दिलं गेलं आणि निघालं शेवटी यीस्ट.

यावरचं औषध म्हणजे अंघोळ, पण नीट. जंतू मारणारं क्लोरहेक्सिडिन आणि यीस्ट मारणारं मायकोनाझोल एकत्र असलेला शॅम्पू मिळतो. लोक काय करतात, फेस केला की लगेच धुतला, आणि मग म्हणतात शॅम्पूचा उपयोग नाही. तो अंगावर दहा मिनिटं राहायला हवा, घड्याळ लावून. कोमट पाणी, गरम नाही, गरम पाण्याने खाज उसळते. सुरुवात पंज्यांपासून करा, मग काखा, जांघा, पोट, शेवटी पाठ, म्हणजे जिथे गरज जास्त तिथे वेळ जास्त मिळतो. दहा मिनिटं तो बाथरूममध्ये शांत बसणार नाही हे मला माहितीय, मी स्टुलावर बसून ठमीला मांडीत घेते आणि काकडीचे तुकडे एकेक करून देते. धुतल्यावर बोटांच्या बेचक्या टॉवेलच्या टोकाने कोरड्या, ड्रायर गार हवेवर, पावसाळ्यात शित्झूचे केस आपोआप वाळत नाहीत, वरून कोरडे दिसतात आणि मुळाशी दमट असतात. इन्फेक्शन असेपर्यंत आठवड्यातून दोनदा, मग एकदा. माणसांचा शॅम्पू, बेबी शॅम्पूसुद्धा नको, कुत्र्यांच्या त्वचेचा पीएच आपल्यासारखा आम्लाकडे झुकलेला नसतो. फिरून आल्यावर पंजे आणि पोट साध्या पाण्याने धुवून पुसायचे, हे रोज. आणि फिनेलने लादी पुसत असाल तर ते थांबवून बघा, छोट्या कुत्र्याचं पोट जमिनीपासून चार बोटांवर असतं, तो दिवसभर त्यातच लोळतो.

तरीही खाज बारमाही व्हायला लागली तर खाण्याची चाचणी करा, पण ती चाचणीच असली पाहिजे. चिकन बंद करून पनीर सुरू करणं ही चाचणी नव्हे. 2016 मध्ये खाणं बाधणाऱ्या 297 कुत्र्यांच्या नोंदी एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा बीफ 34 टक्के, दुधाचे पदार्थ 17, चिकन 15 आणि गहू 13 टक्के असा क्रम आला होता, त्या नोंदी आपल्याकडच्या कुत्र्यांच्या नाहीत, पण आपल्या घरातली दही-पोळी बघितली तर दूध आणि गहू आपणही रोजच घालतोय. खरी पद्धत म्हणजे आठ आठवडे एकच आहार, एक तर हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं, म्हणजे प्रोटीनचे अगदी बारीक तुकडे केलेलं, व्हेटचं फूड किंवा आधी कधीही न खाल्लेलं प्रोटीन आणि एक पिष्टमय पदार्थ, बाकी काही म्हणजे काहीही नाही. लॅम्बच्या डॉगफूडच्या पिशवीमागे बारीक अक्षरात बऱ्याचदा चिकन असतं, ते वाचा. चवीच्या चघळायच्या गोळ्या, डेंटल स्टिक, टूथपेस्ट हेही त्यातच आलं. आणि घरातली माणसं! आमच्याकडे सगळं काटेकोर चाललंय असं मी समजत होते आणि सासूबाई दुपारच्या चहाला मारी बिस्किटाचा कोपरा बशीत ठेवून तिला देत होत्या, "एवढ्याशाने काय होतंय". एवढ्याशाने आठ आठवडे पहिल्यापासून मोजायला लागतात. खाज कमी झाली तरी चाचणी पूर्ण होत नाही, जुनं खाणं परत द्यायचं आणि दोन आठवड्यांत खाज परतली तरच खाण्याची अ‍ॅलर्जी म्हणायचं. ग्रेन-फ्रीच्या मागे लागू नका, बहुतेक कुत्र्यांना धान्य बाधत नाही.

रक्ताची टेस्ट मी आत्ता तरी करू नका म्हणेन. खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्ताच्या, केसाच्या, थुंकीच्या टेस्ट भरवशाच्या नाहीत, ठणठणीत कुत्र्याच्या रिपोर्टमध्येही लांबलचक लाल यादी येते आणि मग माणूस तांदूळ सोडू की बटाटा करत बसतो. हवेतल्या अ‍ॅलर्जीसाठी तिचा उपयोग एवढाच की लशीचा कोर्स, म्हणजे इम्युनोथेरपी करायची ठरलीच तर त्यात काय घालायचं ते ठरतं. त्या कोर्सलाही गुण यायला वर्ष लागू शकतं आणि सगळ्यांना येतोच असं नाही.

औषधांचं. ते इंजेक्शन कुठलं होतं ते नाव फाइलवर लिहून मागा. तीन आठवडे टिकतंय म्हणजे बहुधा लांब काम करणारं स्टेरॉइड. स्टेरॉइड वाईट असतं असं मी म्हणत नाही, भडका उडाल्यावर चार दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनी जीव शांत होतो आणि गोळी कमी-जास्त करता येते, पण एकदा टोचलेलं डेपो (म्हणजे अंगात हळूहळू सुटत राहणारं) इंजेक्शन परत काढता येत नाही. दर पावसाळ्यात तीन-चार वेळा ते नको. पाणी जास्त पितोय, घरात शू करतोय, हावरटासारखा खातोय, हे त्याचेच परिणाम. बरेच दिवस चालू असलेल्या गोळ्या मनाने एकदम बंदही करायच्या नाहीत. अपोक्वेल या स्टेरॉइड नसलेल्या खाजेच्या गोळीबद्दल विचारा, एका दिवसात खाज उतरते, सुरुवातीला दोन आठवडे दिवसातून दोनदा आणि मग एकदा असं देतात, एक वर्षाखालच्या पिल्लाला देत नाहीत आणि लूत किंवा मोठं इन्फेक्शन आहे का ते आधी बघतात. महाग आहे, पण सहा किलोला कमी ताकदीची गोळी पुरते हा छोट्या कुत्र्याचा फायदा. सेटिरिझिनने झोप येते त्याहून जास्त फारसं काही होत नाही, आणि सर्दीची कॉम्बिनेशन गोळी, क्रोसिन, ब्रुफेन वगैरे तर हातही लावायचा नाही.

घरगुती उपायांत खोबरेल तेल यीस्ट असताना चोळू नका, ते यीस्ट तेलावरच पोसतं. टी ट्री ऑइल छोट्या कुत्र्याला विषारी, डेटॉल, रॉकेल, कापूर तर नावही नको. कॅलामाइन आणि डायपर रॅशच्या क्रीममध्ये झिंक असतं, ते चाटलं गेलं की पोटात त्रास. सोरायसिसची कॅल्सिपोट्रिऑलची ट्यूब घरात कुणाची असेल तर ती कपाटात कुलपात, त्याने थोडंसं चाटलं तरी जिवाशी खेळ. कडुलिंबाच्या पाण्याने काही बिघडत नाही, पण त्याने अ‍ॅलर्जी गेलेली मी बघितली नाही. फिश ऑइल चालतं, गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात म्हणून मार्चमध्येच सुरू करायचं. पांघरुणं दर आठवड्याला गरम पाण्यात, ऊन पडेल त्या दिवशी त्याची गादी गॅलरीत.

खाजेला एक मर्यादा असते, थोडी धूळ, थोडं यीस्ट, दोन पिसवा असं मिळून ती ओलांडली जाते. धूळ तुम्ही शून्य करू शकणार नाही, पण बाकीचे दोन आटोक्यात आले की बऱ्याचदा कुत्रं औषध कमी करून निभावतं. ही अ‍ॅलर्जी बरी होत नाही, सांभाळायची असते, आणि हे तुम्हाला आत्तापर्यंत कुणी स्पष्ट सांगितलं नसेल म्हणूनच शॅम्पूमागून शॅम्पू चाललेत. कॅलेंडरवर रोज खाजेला दहापैकी मार्क द्या, अंघोळ, गोळी, खाल्लेलं वेगळं काही तिथेच लिहा, डॉक्टरांना तो कागद दाखवला की त्यांचं आणि तुमचं दोघांचं काम सोपं होतं. तुमच्या व्हेटकडे स्लाइडची सोय नसेल तर मुंबईत परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय (जुनं बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज), साताऱ्याकडे असाल तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, तिथे दाखवता येईल, गर्दी असते, सकाळी लवकर जा.

तोंड एकदम सुजलं, अंगावर गांधी उठल्या, उलट्या किंवा धाप लागली तर त्याच तासाला डॉक्टर. गोचीड सापडला असेल आणि तो मलूल, जेवत नाही, हिरड्या पांढुरक्या, तर ती अ‍ॅलर्जी नव्हे, गोचीडतापाची रक्त तपासणी करून घ्या. कानातून वास येत असेल तर बड्स घालू नका आणि गेल्या वर्षीचा ड्रॉप परत टाकू नका, पडदा शाबूत आहे का ते आधी बघावं लागतं.

केसांचं म्हणाल तर पूर्ण भादरू नका, झिरो मशीनने ओरखडे येतात आणि त्यावर तो अजून चाटतो. पावसाळ्यापुरते बोटभर ठेवा, पंज्याखालचे आणि पोटाचे जरा अजून बारीक, ग्रूमरला सांगून ब्लेड स्वच्छ आहे ना ते बघून घ्या.