पल्स ४४ म्हणजे फिटनेस नाही

अरे राजा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. घड्याळात रात्रीचा पल्स ४४ दिसतोय आणि तू खूश आहेस, की बघा ताई, हार्ट अ‍ॅथलीटसारखं झालं. पण त्याच मेसेजमध्ये पुढे आहे की हात सतत गार असतात, बेडवरून उठलं की डोळ्यापुढे अंधारी येते, दोन घास खाल्ले तरी पोट फुगतं. हे सगळं तू वेगवेगळं लिहिलंयस, जणू एकाचा दुसऱ्याशी संबंधच नाही. माझ्या दृष्टीने ती एकच गोष्ट आहे: तू बरेच दिवस पुरेसं खात नाहीयेस.

हृदयाची गती, बीपी, घाम, अंगाचं तापमान, आतड्यांची हालचाल हे आपण ठरवून करत नाही, ते ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टीम बघते. तिच्या दोन बाजू, सिम्पथेटिक म्हणजे पळा-लढा वाली आणि पॅरासिम्पथेटिक म्हणजे आराम-पचन वाली, आणि या दुसरीची मुख्य नस म्हणजे व्हेगस. खाणं बरेच दिवस कमी पडलं की शरीर, घरातला पगार निम्मा झाल्यावर आपण करतो ना तसं, सगळीकडे काटकसर सुरू करतं. व्हेगसचा जोर वाढतो, पल्स खाली येतो, बीपी उतरतं, थायरॉईडचं टी-३ हे हार्मोन कमी होतं, हातापायाच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून बोटं गार आणि कधी निळसर. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, आणि मग तू म्हणतोस 'मला भूकच नाही'. भूक नाही असं नाही रे, जठर मंदावलंय.

हे नवीन नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. त्यांचाही पल्स असाच घसरला, थंडी सहन होईना, आणि डोक्यात दिवसभर खाण्याचेच विचार. ती मुलं तब्येतीने आणि मनानेही ठणठणीत म्हणून निवडलेली होती. त्यामुळे 'माझंच मन कमकुवत' हे डोक्यातून काढून टाक, मला ते वाक्य तुझ्या तोंडून ऐकवत नाही.

अ‍ॅथलीटचा पल्स कमी असतो कारण हृदय मजबूत असतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. उपाशी शरीरात हृदयाचा स्नायूच बारीक होतो. आणि फरक उभं राहिल्यावर कळतो: झोपून ४४ आणि उठून दोन मिनिटं उभं राहिलं की ९०, किंवा बीपी धाडकन खाली, हे काही फिटनेसचं लक्षण नाही. जागेपणी पल्स ५० च्या खाली किंवा रात्री ४५ च्या खाली असेल तर डॉक्टर अ‍ॅडमिट करायचा विचार करतात, तू कुठे उभा आहेस ते बघ.

आणि 'माझं वजन तर नॉर्मल आहे' हे मला सांगू नकोस. भराभर वजन उतरलं तर नॉर्मल वजनातही हे सगळं होतं, मुलग्यांनाही होतं, आणि मुलग्यांच्या बाबतीत घरचे, सर, कधी कधी डॉक्टरसुद्धा उशिरा ओळखतात याचा मला खरंच राग येतो.

एक विचारते, उत्तर फक्त मला नाही तर डॉक्टरांनाही दे: खाल्ल्यावर उलटी काढतोस का? त्याने पोटॅशियम जातं, आणि पोटॅशियम कमी झालं की ठोक्यांची लय बिघडते, ते जीवावर बेतू शकतं. यात लाजायचं काही नाही, पण लपवलंस तर ते नेमकी तीच टेस्ट करणार नाहीत.

जाशील तेव्हा सांग की झोपून आणि मग उभं करून पल्स-बीपी घ्या, ईसीजी काढा, पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम बघा. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून विषय संपत नाही, बऱ्याच जणांचे नॉर्मलच येतात. तोवर जिम आणि रनिंग बंद. आणि हे वाचून उद्यापासून एकदम भरपूर खायला लागू नकोस, फार दिवस उपाशी असलेल्याला अचानक खूप दिलं की रक्तातला फॉस्फरस कोसळू शकतो आणि हृदयाला त्रास होतो, म्हणून किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टर आणि डाएटिशियन ठरवतील. सुरुवातीला पोट जड वाटेल, चिडचिड होईल, नीट खाणं सुरू राहिलं की जठर काही आठवड्यांत बरंच सुधारतं, पल्सही वर येतो. मनातल्या भीतीला जास्त वेळ लागतो, त्यासाठी काउन्सेलर लागेलच, पण त्यावर आपण फोनवर बोलू.

चक्कर येऊन पडलास, छातीत दुखलं किंवा ठोके चुकल्यासारखे वाटले तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं, आईला सोबत घेऊन.

रिपोर्ट आले की मला पाठव. वजनाचा आकडा नको, झोपून आणि उभं राहून घेतलेले दोन्ही पल्स पाठव.

तुझी,
ताई