डीजेवर वाजणारं संतांचं गाणं खरंच त्या संतांचं आहे का, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा की, बेळगावात मिरवणुकांत आणि यूट्यूबवर 'संतांचे अभंग' म्हणून जे वाजतं, त्यात खरं संतांचं किती आणि मागाहून कुणी लिहिलेलं किती? सगळं नाही, पण बरंचसं घरबसल्या तपासता येतं.

आधी नाममुद्रा बघा, म्हणजे रचणाऱ्यानं शेवटी गुंफलेली स्वतःच्या नावाची किंवा आपल्या देवाच्या नावाची खूण. शेवटच्या कडव्यात 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी' असं येतं. ज्ञानोबांच्या अभंगांत 'बापरखुमादेवीवरु'. आपल्याकडं कन्नड भजनंही तितकीच होतात, तिथं बसवण्णांचं 'कूडलसंगमदेव', अक्कमहादेवींचं 'चन्नमल्लिकार्जुन', पुरंदरदासांचं 'पुरंदर विठ्ठल', कनकदासांचं 'कागिनेले आदिकेशव'. मुद्रा नसेल तर संशय घ्यायला जागा आहे. 'आधी बीज एकले' घ्या. निम्मे लोक ते तुकोबांचं समजतात. पण ते शांताराम आठवल्यांनी प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटासाठी लिहिलं. त्यात 'तुका म्हणे' कुठंच नाही.

उलट मुद्रा आहे म्हणजे अभंग अस्सल, असंही नाही. 'तुका म्हणे' कुणालाही जोडता येतं. म्हणून मग अक्षरं मोजा. 'मोठा अभंग' या छंदात एका कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं: सुंदर तें ध्यान / उभें विटेवरी / कर कटावरी / ठेवोनियां. जोडाक्षर एकच धरायचं. एखाद-दुसरं अक्षर इकडंतिकडं झालेलं संतांनाही चालायचं, पण कडव्यामागून कडवी बसत नसतील तर ते बहुधा चालीवर लिहिलेलं गीत असतं.

तिसरी गोष्ट काळ. इथं सगळ्यात जास्त घोटाळे होतात. माउलींच्या पालखीचे अश्व आपल्याच जिल्ह्यातल्या अंकलीहून आळंदीला जातात, त्यामुळं 'ग्यानबा-तुकाराम' हा गजर इकडं सगळ्यांच्या तोंडी. तो गजर म्हणून ठीकच आहे, पण गाण्यांच्या व्हिडिओत दोघं समोरासमोर बसून बोलताना दाखवतात. ज्ञानोबांनी समाधी घेतली १२९६ ला, तुकोबांचा जन्म १६०८ चा. तसंच बसवण्णा बाराव्या शतकातले, पुरंदरदास-कनकदास सोळाव्यातले.

आता 'अबीर गुलाल उधळीत रंग' बघा. शेवटी 'चोखा म्हणे' येतं, म्हणून चोखोबांचा अभंग म्हणून छापतात. पण दुसऱ्याच ओळीत 'नाथाघरी नाचे माझा सखा पांडुरंग' आहे. नाथ म्हणजे एकनाथ धरले तर हिशोब बसत नाही. चोखोबा १३३८ ला गेले, नाथांचा जन्म १५३३ चा. भाषाही चौदाव्या शतकातली वाटत नाही, आणि सहा-सहा-सहा-चारचं माप पहिल्या दोन ओळींतच सुटतं. माझ्या मते ही मागाहूनची रचना आहे. तरी त्यात 'उंबरठ्यासी कैसे शिवू आम्ही जातीहीन' ही ओळ आहे आणि चोखोबांचं दुःख तिथंच आहे. रिमिक्सवाले बहुधा तीच गाळतात आणि गुलालाची ओळ फिरवत ठेवतात. चोखोबांचंच ऐकायचं असेल तर 'ऊस डोंगा परी रस नव्हे डोंगा' ऐका.

शेवटी गाथा. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत, मागं अकारविल्हे (अ, आ, इ अशा क्रमानं) सूची असते. लोक चुकतात ते इथं: सूची पहिल्या चरणाची असते, आणि गायक बऱ्याचदा ध्रुपदापासून (पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीपासून) उचलतात. 'ज्ञानदेवें रचिला पाया' हे 'ज्ञ'खाली शोधलं तर मिळणार नाही. अभंग 'संतकृपा झाली'नं सुरू होतो. तोही तुकोबांच्या गाथेत नाही, त्यांच्या शिष्या संत बहिणाबाईंचा आहे. (जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, त्या १९५१ ला वारल्या. पोस्टरवर हमखास त्यांचाच फोटो टाकतात.) शब्दांची जुनी रूपंही बघा: 'झाले' सापडलं नाही तर 'जालें'.

शब्द अस्सल असले तरी कात्रीनं अर्थ बदलतो. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं' हल्ली झाडं लावायचं गाणं झालंय. पुढं वाचा: 'येणें सुखें रुचे एकांताचा वास', आणि शेवट 'तुका म्हणे होय मनासी संवाद'. तुकोबा एकांताबद्दल बोलतायत, झाडं त्या एकांतातली सोबत.

बसवण्णांच्या 'उळ्ळवरु शिवालय माडुवरु' या वचनाचंही तेच. श्रीमंत देवळं बांधतात, मी गरीब काय करू. माझे पायच खांब, देहच देऊळ, डोकं सोन्याचा कळस. गाणारा तिथं थांबला तर ते देवळाचं कौतुक वाटतं. खरी ओळ पुढं आहे: 'स्थावरक्कळिवुंटु, जंगमक्कळिविल्ल', म्हणजे बांधलेलं ढासळतं, चालतं-फिरतं ढासळत नाही. 'कूडलसंगमदेव' ही मुद्राही त्या शेवटाबरोबरच गळते.

आणि सीमाभागातला नेहमीचा वाद. विठ्ठल कुणाचा यावर भांडताना 'कानडा राजा पंढरीचा' हे संतवचन म्हणून पुढं करतात. ते गदिमांचं 'झाला महार पंढरीनाथ'मधलं चित्रपटगीत आहे. ज्ञानोबांचा अभंग वेगळा, 'कानडा हो विठ्ठलु करनाटकु'. ज्ञानोबांच्या गाथेच्या सूचीत तो 'पांडुरंगकांति'खाली सापडेल.

मंडळाच्या पत्रिकेत किंवा व्हिडिओखाली नाव घालायचं असेल तर गाथेत सापडलं तरच संतांचं घाला. गीतकार माहीत असेल तर त्याचं घाला, दोन्ही नसेल तर 'पारंपरिक'.