रूममेटची गोळी आणि पूर्वपरीक्षा

प्रिय मित्रा,

सदाशिव पेठेतून आलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. राज्यसेवेचा दुसरा प्रयत्न, पूर्व तोंडावर, आणि रूममेटला डॉक्टरांनी एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष टिकत नसण्याच्या विकारासाठी, दिलेली मिथाइलफेनिडेटची गोळी तू तीन आठवडे अधूनमधून घेतोयस. परीक्षेपर्यंत चालू ठेवू का, असं विचारतोस. नको रे. आजच थांबव.

‘रात्री दहा ते तीन जागचा हललो नाही,’ असं तू लिहिलंस. त्या पाच तासांत झालं काय? राज्यघटनेच्या एकाच प्रकरणाच्या नोट्स चार रंगांच्या पेनांनी पुन्हा लिहून झाल्या! मेंदूतल्या पेशी डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ही निरोप पोचवणारी रसायनं सोडतात आणि परत ओढून घेतात. ही गोळी ते परत ओढणं अडवते, म्हणून हातातलं कुठलंही काम सोडवत नाही. आधी काय वाचायचं, हे मात्र ती सांगत नाही. २०२३ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ४० निरोगी लोकांना अशी औषधं देऊन अवघड कोडी सोडवायला लावली. धडपड वाढली, उत्तरांचा दर्जा घसरला.

मेसचा डबा तसाच परत जातो, छाती धडधडते, डोळा लागत नाही, हे सगळं त्या गोळीचंच. साध्या गोळीचा असर तीन-चार तासांत ओसरतो, मग ग्लानी आणि चिडचिड. त्यावर तू अमृततुल्यचे चहा ढोसतोस, म्हणजे छातीच्या धडधडीत आणखी भरच. रक्तदाब किंवा हृदयाचा दोष असेल तर हे धोक्याचं आहे. काहींना भ्रमही होतात. रूममेटला डॉक्टरांनी तपासलंय, तुला कुणी तपासलंय? हे औषध अनुसूची ‘एक्स’मधलं, म्हणजे कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीतलं आहे, दुकानदाराला चिठ्ठीची प्रत दोन वर्षं जपून ठेवावी लागते.

शाळेपासून पुस्तकात मन टिकत नाही, हे तू ओझरतं लिहिलंस. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ससून रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा, तीन आठवड्यांचं सगळं खरं सांग. एडीएचडी निघालं तर कदाचित हेच औषध तुझ्या मापाने मिळेल, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. रात्री फारच घाबरायला झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र थेट दवाखाना गाठ.

पेपर दिवसा असतो, तेव्हा अभ्यासिकेतही दिवसाच बस. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, ती सात तास हवीच.

रविवारी येशील तेव्हा नोट्स आणू नकोस. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवून आण, चुकांसकट. आणि उरलेल्या गोळ्या रूममेटला परत कर, त्या कमी पडल्या तर त्याचा दिवस अडतो.